एका गावाच्या तीन पाट्या

फार पूर्वीची गोष्ट आहे, बरं का. एका डोंगराळ राज्यात एक राणी होती. तिचं पहिलं बाळ थंडीनं दगावलं होतं. तेव्हापासून दर हिवाळ्याआधी ती तीन दवंडीवाले तीन वाटांनी पाठवायची.

"तान्ह्या बाळांना राणीसाहेबांकडून गोधडी!" असं ते ओरडायचे. कुठल्या गावात किती बाळं, ते पाटीवर लिहून आणायचे. राणीची कोठी सांभाळणारी कोठीवाली पाट्या बघून गोधड्या धाडायची.

एका वर्षी कडाका लवकर पडला. एक धनगरीण बाळाला पदरात गुंडाळून डोंगर उतरून आली. बाळाचे ओठ निळे पडले होते.

"दवंडी आमच्या वस्तीवर आली होती, राणीसाहेब. मी रोज वाटेकडं बघत बसले."

कोठीत एकही गोधडी उरली नव्हती. राणीनं अंगावरची शाल काढली, बाळाला गुंडाळलं आणि शेकोटीजवळ छातीशी धरून बसली. बऱ्याच वेळानं बाळ रडलं. दोघींचा जीव भांड्यात पडला.

मग पाट्या काढल्या. एकीवर 'वडाचं गाव', दुसरीवर 'पुलापलीकडचं', तिसरीवर 'माझ्या मावशीचं गाव'. तिन्ही वाटा मिळतात, तिथलं ते एकच गाव! तिथं तीनदा गोधड्या गेल्या. तिथले लोक म्हणाले, राणीसाहेबांची मायाच मोठी. डोंगराची पाळी येईपर्यंत गोधड्या संपल्या.

"पण माझी खूण मला कळते की," एक दवंडीवाला पुटपुटला.

"तुला कळते रे. पण गोधडी धाडायची कोठीवालीनं!" राणी म्हणाली.

धनगरीण हळूच म्हणाली, "आम्ही मेंढरांच्या कानावर खूण करतो. आधी घराची, मग वर्षाची. सगळे तशीच करतात. म्हणून चुकलेलं कोकरू कुणालाही सापडलं, तरी त्याच्या आईपाशी पोचतं."

राणीनं तोच नेम घातला. पाटीवर आधी गावाचं नाव, तिथले लोक म्हणतात तेच. मग वाट, मग महिना. क्रम कुणी बदलायचा नाही.

"आणि मावशीला घरी ठेवायचं," कोठीवाली म्हणाली. मघाशी पुटपुटलेला दवंडीवालाही हसला.

दोन हिवाळे गेले. धनगरणीला मुलगी झाली. थंडी पडायच्या आत गोधडी दारात आली. तिनं राणीची शाल घडी करून परत धाडली. राणीनं ती तोंडाशी धरली. शालीला अजून बाळाचा वास होता.

बोध: जे काम सगळ्यांच्या उपयोगाचं, त्यात प्रत्येकानं आपल्या मनाचं नाव देऊ नये, सगळ्यांनी मिळून एकच रीत पाळावी.