आचारी आणि बर्फाखालचे मासे

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. मला तर मुळीच नाही, तेव्हा विचारू नका. डोंगरातलं थंडगार राज्य होतं ते. हिवाळाभर तिथं बर्फ असायचा.

त्या राज्यात एक म्हातारा आचारी राहायचा. राजाच्या मुदपाकखान्यात त्याचा जन्म गेला होता. दारात आलेला माणूस न जेवता गेला, तर ह्याला चैन पडायचं नाही. त्याच्या बायकोने परसात, अक्रोडाच्या झाडाजवळ, एक लहानसं तळं केलं होतं आणि त्यात तांबूस मासे पाळले होते. मूलबाळ नव्हतं. ते मासे म्हणजे तिचा जीव की प्राण.

एका वर्षी बायको अंथरुणाला खिळली. खिडकीतून तळं दिसायचं. ती पडल्या पडल्या सांगायची आणि आचारी करायचा. उन्हाळ्यात त्याने शेवाळ काढलं. पानगळ लागली तशी पाण्यावर पडलेली अक्रोडाची पानं रोज जाळीने उपसली, कारण पानं तळाशी कुजली की पाणी बिघडतं.

पहिला बर्फ पडला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, नीट ऐका. तळं आता गोठेल. एका जागी गरम पाण्याचं भांडं टेकवून भोक उघडं ठेवा, म्हणजे माशांना श्वास मिळेल. बर्फावर घाव घालू नका, त्या हादऱ्याने ते मरतात. आणि वसंत येईपर्यंत त्यांना काही म्हणजे काही खायला घालू नका. थंडीत त्यांना पचत नाही."

"म्हणजे हिवाळाभर उपाशी?"

"उपाशी कसले! निवांत पडून असतात तळाशी. बर्फ वितळून ते वर आले, की मला काठावर नेऊन बसवा. तेवढं डोळे भरून बघितलं, की मी जायला मोकळी."

"असलं अभद्र बोलू नकोस," आचारी म्हणाला आणि त्याने पेजेची वाटी तिच्या तोंडाशी नेली. तिने मान फिरवली. तरी त्याने दोन घास भरवलेच.

मग थंडी वाढली आणि खिडकी बंद झाली. भोक मात्र त्याने इमानेइतबारे राखलं. एका दुपारी ऊन पडलं आणि भोकाशी एक मासा वर आला. तोंड उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. अहो, मासाच तो, श्वास घेत होता! पण उघडं तोंड म्हणजे भूक, एवढंच ज्याने जन्मभर पाहिलं, त्याला हे कोण समजावणार? आचाऱ्याला भडभडून आलं. त्याने मूठभर तूपभात आत सोडला. मग ते रोजचंच झालं. बायकोला त्याने पत्ता लागू दिला नाही.

वसंत आला. बर्फ वितळला. आचाऱ्याने बायकोला घोंगडीत गुंडाळलं, उचललं आणि मोठ्या हौसेने काठावर आणून बसवलं.

पाण्याला घाण वास येत होता. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. एकही वाचला नव्हता.

बायकोने तळाशी कुजलेला भात पाहिला. "अहो, काय केलंत हे?"

"तोंड उघडत होते गं. माझ्याच्याने बघवेना."

"तुमच्याने बघवेना," ती म्हणाली. "मलाही असंच भरवता. मी नको नको म्हणते, तरी भरवता. गिळताना किती दुखतं मला! तुला काय हवंय, असं कधी विचारलंत?"

आचारी रडू लागला. रडता रडताच त्याने विचारलं, "सांग ना, काय हवंय तुला?"

"मासे बघायचे होते," ती म्हणाली.

अक्रोडाला पालवी फुटायच्या आत ती गेली. आचाऱ्याने तळं उपसून स्वच्छ केलं, पण त्यात पुन्हा मासे सोडायचं त्याला धाडस झालं नाही. पुढे दारात कुणी आलं, की पान वाढण्याआधी तो विचारायचा, "बाबा रे, तुला काय हवंय?" शहाणपण आलं होतं. पण ज्यांना विचारायचं, त्यांची दोन्ही घरं रिकामी झाली होती, तळंही आणि खोलीही.

म्हणून सांगतो, लहानथोर सगळ्यांना: ज्याच्यावर माया आहे त्याला काय हवं ते आधी जाणून घ्यावं, आपल्याला काय द्यावंसं वाटतं ते नंतर.