अधिकाराचे उद्यापन

फार दिवस झाले नाहीत, एका रक्तपेढीत एक वृद्ध यंत्रज्ञ होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. पेढीच्या सर्व्हरच्या खोलीत त्यांनी स्वतः बसवलेले एक नियंत्रक यंत्र होते. पेढीतले संगणक, रक्ताच्या पिशव्या ठेवण्याची शीतकपाटे आणि त्यांतले तापमापक, सारे त्या एका यंत्राला जोडलेले. त्यात कुणी नुसते पाहायचे आणि कुणी फेरफार करायचे, हेही तिथेच ठरे. वय झाले, तशी तात्यांनी ही जबाबदारी आपल्या शिष्येकडे, हेमांगीकडे सोपवली.

हेमांगी मोठ्या मनाची. हळदीकुंकवाला आलेली एकही बाई ओटी भरल्याशिवाय परतू नये, अशा घरात वाढलेली. त्यामुळे कुणी म्हटले, "अगं, मला जरा यादी बघायची असते," की ती सगळाच अधिकार देऊन मोकळी होई. कमी दिले तर समोरच्याला वाईट वाटेल, ही धास्ती. वर्षभरात एक्केचाळीस जणांकडे पूर्ण अधिकार झाले.

त्यांत नोंदणी विभागाच्या कुमुदताई होत्या. निवृत्तीला आलेल्या, अतिशय नेटक्या. एका दुपारी त्यांना यादीत नाव नसलेले एक उपकरण दिसले. नुसता आकडा. अडगळ समजून त्यांनी ते काढून टाकले. ते मोठ्या शीतकपाटाचे तापमापक होते. जोडताना त्याला नाव द्यायचे हेमांगीकडून राहून गेले होते.

दोन दिवसांनी कपाट बिघडले आणि इशाऱ्याची घंटा वाजलीच नाही. पिशवी घ्यायला आलेल्या सिस्टरांच्या हाताला गारवा कमी लागला, म्हणून त्र्याहत्तर पिशव्या वेळेत दुसऱ्या कपाटात गेल्या. देवाची कृपाच म्हणायची. पण कुमुदताई अन्नाला शिवेनात. दुसऱ्या दिवशी त्या राजीनामा लिहूनच आल्या.

"हेमा, हा वर पाठव. माझ्या हातून कुणाचा जीव गेला असता गं."

"ताई, नाव मी दिलं नव्हतं. चूक माझी आहे. तुम्ही जाऊ नका."

"तुझं राहून गेलं. पुसलं मी."

कोपऱ्यात तात्या चहा पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, "हेमांगी, पूर्ण अधिकाराची यादी उघड. त्यातलं पहिलं नाव खोड."

पहिले नाव तात्यांचेच होते.

"तुमचं? तात्या, हे यंत्र तुम्ही बसवलंत."

"बसवलं म्हणून काय जन्मभर त्याच्या मांडीवर बसू? मला पाहण्यापुरतं ठेव, बाकी खोड."

हेमांगीचा हात वळेना. ज्याच्याकडून काही चुकले नाही, त्यालाच का शिक्षा? तरी गुरूची आज्ञा म्हणून तिने नाव खोडले, तेव्हा तिला समोरचा संगणकाचा पडदा नीट दिसत नव्हता.

"पोरी," तात्या म्हणाले, "सोळा सोमवार करून उद्यापन केलं नाहीस, तर काय होतं?"

"टोचणी लागते मनाला."

"व्रत धरतानाच ते कधी पुरं व्हायचं, ते ठरलेलं असतं. तू इथे एक्केचाळीस जणांना अधिकार दिलेस, उद्यापन एकाचंही केलं नाहीस. माझं काम केव्हाच संपलं. हात थरथरतो. उद्या नको ती कळ दाबली गेली, तर मरेपर्यंत माझ्या जिवाला घोर. कुमुदताईंना फक्त वाचायचं होतं. तू प्रेमाने पुसण्याचीही मुभा दिलीस. त्या मुभेतूनच हा कागद त्यांच्या हातात आला बघ. माणसाला लागेल तेवढंच द्यावं, म्हणजे त्याची झोप शाबूत राहते. आणि जे जोडशील, ते कुणाच्या सेवेला आहे, हे त्याच्यावर लिहीत जा. निनावी वस्तू नेटक्या माणसाला अडगळच वाटणार."

कुमुदताईंनी हातातला राजीनामा टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "माझंही काढ, हेमा. वाचण्यापुरतं राहू दे." पुढे म्हणाल्या, "खरं सांगते तात्या, आठवड्यापूर्वी काढलं असतं तर मला राग आला असता."

"आला असता. आणि चार दिवस मला तुमच्या डब्यातली लसणाची चटणी मिळाली नसती."

ताईंना हसू आले. राजीनाम्याचे त्यांनी चार तुकडे केले.

त्या दुपारी हेमांगी यादी घेऊन टेबलाटेबलापाशी गेली. कुणाला काय लागते, कधीपर्यंत लागते, विचारून लिहून घेतले. तात्यांचेही नाव खोडले आहे म्हटल्यावर कुणाचेच तोंड वाकडे झाले नाही. मग तिने ते तापमापक पुन्हा जोडले आणि त्यापुढे लिहिले: 'मोठे शीतकपाट, तळमजला. हे रक्त राखते.'

आपले नाव आधी खोडायला लावून तात्यांनी बाकी सगळ्यांचा मान राखला होता, हे तिला तेव्हा उमगले. तिने मनोमन हात जोडले.

कुणी आपल्याला पेलेल एवढेच दिले, तर तोही उपकारच मानावा.