वाघासकट की वाघावेगळी?

“दादा, बाकीचे लोहार नवी बंदूक फुटेल या भीतीनं झाडाला बांधतात आणि लांबून दोरी ओढून पहिला बार काढतात. तू स्वतःच्याच खांद्याला का लावतोस?”

येसूनं हे शंभरदा विचारलं असेल. म्हाळूदादा नुसता हसायचा, बार काढायचा आणि काजळीनं भरलेला अंगठा कारखान्याच्या चौकटीवर टेकवायचा. एक बंदूक, एक ठसा. उत्तर त्यानं कधीच दिलं नाही, आणि आता देणारही नव्हता. तापानं गेला बिचारा. त्याचं तेरावं कालच झालं होतं आणि आज मोरवंडीच्या दरबारात तीन बंदुका मांडून अप्पासाहेब महाराज मिशा चावत बसले होते.

तिन्ही बंदुका ठासणीच्या, एकनळी. तिन्हींच्या दस्त्यावर चांदीचा मोर. एक महाराजांच्या आजोबांची, जिच्यानं त्यांनी वाघ मारला म्हणून गावोगाव पोवाडे गात. उरलेल्या दोन म्हाळूनं दोघा राजपुत्रांसाठी केलेल्या नकला. महाराजांनीच बजावलं होतं, “अशा कर की मलाही ओळखू येता कामा नयेत!” आणि म्हाळूनं तस्संच केलं होतं!

“परवा पाहुणे राजे येताहेत,” महाराज कडाडले. “ते आधी वाघाची बंदूक बघायला मागतील आणि मग तिची किंमत विचारतील. प्रत्येक वस्तूची विचारतात! मागच्या खेपेला माझ्या पगडीची विचारली! सांगा, अस्सल कोणती आणि मोल काय?”

शस्त्रांच्या सिलेखान्याचे दारोगा बाबाजीराव पुढं झाले. “सरकार, म्हाळूनं हा घोळ घातला आणि निघून गेला. आता कारखाना माझ्या भाच्याकडे द्या. असली चूक पुन्हा व्हायची नाही.”

येसूच्या डोक्यात सणक गेली. कारखाना गेला तर वहिनी जाणार कुठं? आणि दादाची चूक म्हणे!

“मी ओळखतो!” तो मागच्या रांगेतून ओरडला.

“तू कोण रे?”

“म्हाळू लोहाराचा धाकटा भाऊ.”

“ओळखलीस तर मागशील ते देईन. नाही ओळखलीस तर आजच कारखान्याला यांच्या भाच्याचं कुलूप!”

येसू पुढं गेला खरा, पण कसं ओळखायचं ते त्याला कुठं ठाऊक होतं! त्यानं पहिली बंदूक उचलली आणि घोडा मागं ओढून बार पेटवणारी टोपी बसते ती जागा पाहिली. तिथं लोखंडावर बारीक बारीक खड्डे. बारूद लोखंडाला चावते. किती पुसा, चावा जात नाही.

दारोगा लगेच वाकले. “हीच! हीच अस्सल! वाघावर झाडलेल्या बाराच्या खुणा, सरकार!”

“मग दारोगासाहेब, ही काय?” येसूनं दुसरी पुढं केली. तिच्यावरही अगदी तसेच खड्डे. “वाघ दोन होते काय?”

दरबारात खसखस पिकली. दारोगांनी घाईनं तिसरी बघितली. ती आतून आरशासारखी लख्ख. “ही तर कोरी! ही नक्कल, येवढं नक्की!”

येसूच्या डोळ्यांपुढं कारखान्याची चौकट आली. सगळ्यात वर दोन ताजे ठसे. आज सकाळी वहिनीनं घर सारवलं, पण चौकटीला कुणाला हात लावू दिला नव्हता. दोन ठसे म्हणजे दोन बार. दादानं दोन्ही नकला खांद्याला लावून उडवल्या होत्या. मग जी कधीच उडाली नाही, ती...

अरे देवा! ती आजोबांची!

येसूनं तिसरी बंदूक उचलून घेतली. भर दरबारात हे बोलायचं तर मुंडकं जायचं, आणि गप्प बसायचं तर कारखाना!

“काय रे, वाचा बसली?” महाराज म्हणाले.

“नाही महाराज. अस्सल सापडली. फक्त किंमत कशी सांगू ते विचारायचंय. वाघासकट सांगू की वाघावेगळी?”

“म्हणजे?”

“वाघासकट सांगायची तर अर्धं संस्थान. वाघावेगळी कानात सांगावी लागेल.”

महाराजांनी कान पुढं केला. येसूनं तिसरी बंदूक त्यांच्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाला, “वाघावेगळी किंमत पहिल्या दिवशी होती तेवढीच, महाराज. साठ वर्षं झाली, पण या बंदूकबाईनं अजून तोंड उघडलेलं नाही!”

महाराजांनी घोडा ओढला. आत पाहिलं. मिशा थरथरल्या. दारोगांनी डोळे मिटून घेतले. आणि महाराज जे हसले, जे हसले, की पगडी मांडीवर आली!

“अरे, आजी सांगायची!” ते येसूच्या कानाशी लागले. “फटाका वाजला तरी आजोबा पलंगाखाली जायचे!” मग मोठ्यानं म्हणाले, “बरोबर! हीच अस्सल! बोल, काय देऊ?”

“कारखाना वहिनीच्या नावे करून द्या.”

“दिला! आणि दारोगांचा भाचा?”

“भाता ओढायला येऊ दे की! जागा आहे.”

महाराज पुन्हा हसले, पण मधेच थांबून कुजबुजले, “पाहुणे आत डोकावले तर रे?”

“एकदा ठासू द्या महाराज. वाघाचा बार राहिलाय, तो काढून टाकू.”

पुन्हा घोळ नको म्हणून महाराजांनी त्या बंदुकीला लाल गोंडा बांधला. येसूनं दरबारापुढच्या अंगणात येऊन बारूद ठासली, टोपी बसवली. शिपाई दोरी घेऊन झाडाकडं निघाला होता, त्याला त्यानं हातानंच थांबवलं आणि दस्ता आपल्या खांद्याला लावला. धडाम्! बुरुजावरची सगळी कबुतरं उडाली आणि दारोगा लोडामागं दिसेनासे झाले.

सनद घेऊन तो घरी आला, तेव्हा वहिनी दारात उभी होती.

“भाऊजी, गाल काळा कशानं झाला? खांद्याला लावलीत? झाडाला का नाही बांधली?”

येसू नुसता हसला. तिच्या हातात सनद दिली आणि आपला काळा अंगठा दादाच्या दोन ठशांशेजारी चौकटीवर टेकवला.