शिडांचं कापड

पूर्वी शूर्पारक बंदरात वरधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सागरव्यापाऱ्याच्या कुळात जन्मले होते. राजाने परदेशी मालावरची जकात उठवली आणि बंदर गजबजलं. हमालांना काम मिळालं, नावाड्यांना मिळालं. परदेशी तलम वस्त्र इतकं स्वस्त झालं की बायका हरखून गेल्या. विणकरआळीच्या मात्र पोटावर पाय आला. ते वस्त्र आणणारी गलबतं बोधिसत्त्वांचीच होती.

एकदा ते त्या आळीतून चालले होते. उत्तरा नावाच्या विणकरणीच्या घरातून मागाची खटखट आली, तेव्हा त्यांना बरं वाटलं. आत डोकावले, तर मागावर सूतच नाही. ती रिकामा माग चालवत होती.

"हे काय, बाई?"

"आवाज थांबला तर शेजारी म्हणतील, हिचं संपलं," ती म्हणाली. "सगळी आळी असंच करते, श्रेष्ठी. आणि सगळ्यांना ते ठाऊकही आहे."

घरी जाऊन बोधिसत्त्वांनी धान्याची गाडी पाठवली. उत्तराने ती आल्या पावली परत धाडली. वर निरोप दिला, "हात धडधाकट आहेत आमचे. काम असेल तर सांगा, नाहीतर आळी गाव सोडून निघालीच आहे."

आता काय करावं? बंदर बंद करवावं, तर हमालांच्या चुली विझणार. विचार करता करता त्यांना आपल्या गलबतांची शिडं आठवली. तीही परदेशातूनच येत. ते पुन्हा आळीत गेले.

"शिडांचं जाड कापड विणाल?"

"लुगडी विणणारे हात हे," उत्तरा म्हणाली. "शिकायला वेळ लागेल. तुमचा वारा थोडाच आमच्यासाठी थांबणार?"

"वारा नाही थांबणार. गलबतं थांबतील."

पहिली शिडं फाटली, दुसरी उसवली. तोवर अनुकूल वारा सरला. बाकीचे व्यापारी माल घेऊन गेले नि गब्बर होऊन आले. बोधिसत्त्वांची गलबतं वर्षभर धक्क्यालाच बांधलेली. याचं डोकं फिरलंय, असं भाऊबंद उघड बोलू लागले. कोठारं रिती झाली, तरी ते डगमगले नाहीत. पुढच्या वाऱ्याला आळीच्या शिडांवर त्यांची गलबतं निघाली, आणि ती शिडं पाहून इतर व्यापारीही आळीत येऊ लागले. गाव कुणी सोडलं नाही.

एवढं सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाची उत्तरा म्हणजे आज संघाची चीवरं शिवणारी ही थेरी भिक्खुणी. तो व्यापारी मी होतो. याला दान म्हणू नका. दान करणाऱ्याचं काही अडत नाही. माझ्या मालाने त्यांचं वर्ष बुडालं होतं, म्हणून मी माझं बुडू दिलं. दुसऱ्याचं दुःख असं आपल्या अंगावर वाटून घेणं, यालाच समानार्थता म्हणतात."