भागूजीच्या घरचं हॅलोविन

एका गावात एक भोळा माणूस राहत होता. पुढे गाव गेलं आणि माणूस तेवढा राहिला. गावाच्या जागी 'अमृतवेल हाइट्स' नावाच्या अठरा मजली सहा इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या बरोबर मधोमध, पोहण्याचा तलाव आणि क्लबहाउस यांच्यामध्ये, भागूजीचं दोन खोल्यांचं कौलारू घर तसंच बसून राहिलं. घरावर लाल भोपळ्याचा वेल होता.

घर राहण्याचं कारण साधं होतं. अकरा वर्षांपूर्वी भागूजीची आई ठकूबाई दवाखान्यात जायला जीपमध्ये बसली आणि म्हणाली, "मी येईस्तवर घर नजरेआड करू नको."

ती आलीच नाही. तिचं दहावं झालं, पिंडाला कावळा शिवला, तेराव्याला गाव जेवून गेलं. भागूजी पोटभर रडला. पण आईनं सांगितलेलं तिनं मागे घेतलं नव्हतं. बिल्डर तीनदा कागद घेऊन आला. तिन्ही वेळा भागूजीनं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "आई येऊ द्या, मग बघू."

शेवटी सोसायटीनं त्यालाच माळी म्हणून ठेवलं. जिथून आपली कौलं दिसतील तिथलीच झाडं तो बघायचा. सहा नंबरच्या इमारतीमागची बाग वाळून गेली. तिथून कौलं दिसत नव्हती.

गेटवरचा वॉचमन महिपती हा त्याचा जिवलग मित्र. शनिवारी ड्यूटी सुटली की महिपती आणि त्याचे तीन मित्र टेंपो काढून कुठे ना कुठे फिरायला जायचे. निघताना तो भागूजीच्या दारात यायचा.

"भागूजी, जेजुरीला येतोस का?"

"तिथनं घर दिसतं का?"

"न्हाई."

"मग न्हाई."

भागूजीला खरं तर समुद्र बघायचा होता. फार बघायचा होता. त्यानं एक पिशवीही भरून खुंटीला टांगून ठेवली होती. तिच्यात एक टॉवेल, एक सदरा आणि समुद्राचं पाणी आणायला एक बाटली होती. पिशवी अकरा वर्षं टांगलेलीच होती.

त्या वर्षी ऑक्टोबर लागला तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षा हुपरीकर मॅडम लेकीकडे तीन आठवडे अमेरिकेत राहून आल्या. येताना त्या हॅलोविन घेऊन आल्या. घटस्थापनेला लिफ्टमध्ये उदबत्तीचा वास येतो म्हणून नोटीस लावणाऱ्या मॅडम त्याच. आता त्यांनी दुसरी नोटीस लावली. पहिल्या शनिवारी हस्तकला, दुसऱ्या शनिवारी पोशाख, तिसऱ्या शनिवारी सहल आणि चौथ्या शनिवारी प्रत्यक्ष भुतं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्व सभासदांनी भयभीत होणे बंधनकारक आहे.'

पहिल्या शनिवारी मुलं भोपळे कोरून त्यांचे कंदील करणार होती, त्यासाठी भोपळे लागणार होते. मॅडम भागूजीच्या अंगणात आल्या आणि वेलाकडे बघत म्हणाल्या, "भागूजी, शनिवारी दहा वाजता क्लबहाउसमध्ये वीस भोपळे आणा. मुलं खोळंबता कामा नयेत. सगळं अगदी तयार हवं."

"तयार आणतो, मॅडम."

भागूजी पहाटे उठला. वीस भोपळे चिरले, किसले, गूळ घालून शिजवले आणि कणीक मळली. दहाच्या ठोक्याला क्लबहाउसमध्ये गरमागरम घारग्यांच्या तीन पराती आल्या. मुलं हातात रंग आणि कोरायच्या सुऱ्या घेऊन बसली होती. त्यांनी सुऱ्या खाली ठेवल्या आणि घारगे खाल्ले. काही मुलांनी दोनदा हात धुऊन पुन्हा खाल्ले. कंदील एकही झाला नाही.

मॅडमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अहो, भोपळा खायचा नसतो, भागूजी. आतलं सगळं टाकून द्यायचं आणि बाहेरचं तेवढं जपायचं. कळलं?"

"आतलं टाकायचं, भायेरचं जपायचं."

"हां. पुढच्या वेळी तसंच करा."

दुसऱ्या शनिवारी महिपती दारात आला. "भागूजी, महाबळेश्वराला येतोस का?"

"तिथनं घर दिसतं का?"

"न्हाई."

"मग न्हाई." शिवाय मॅडमनी काम सांगितलं होतं. भुतांच्या पोशाखांची पाच खोकी गेटवर येऊन पडली होती. "खोकी क्लबहाउसवर आणा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

भागूजीनं गेल्या वेळचं बोलणं मनात घोळवलं. मग एकेक खोकं उघडून आतलं सगळं त्यानं गांडूळखताच्या खड्ड्यात टाकलं. खोकी मात्र ओल्या फडक्यानं पुसली, कोपरे सरळ केले आणि क्लबहाउसमध्ये ओळीनं मांडून ठेवली. चाळीस आईबाप आपापल्या लेकरांना घेऊन आले आणि रिकाम्या खोक्यांत वाकून बघू लागले.

पोशाख खड्ड्यातून वर काढले तेव्हा त्यांना माती लागली होती, शेण लागलं होतं, आणि दोनचारांच्या बाह्या फाटल्या होत्या. ते मुलांच्या अंगावर चढवल्यावर सगळ्या आया एकदम म्हणाल्या, "मॅडम, काय सुंदर कल्पना. अगदी कबरीतून उठून आल्यासारखी दिसतात." मॅडमनी मान तुकवून कौतुक घेतलं आणि भागूजीला कोपऱ्यात नेऊन झापलं.

"आतले कपडे फेकायचे नसतात हो. आणि आता नीट ऐका. कपडे मळके, फाटके असले तरच चांगले. नवं कोरं काही दिसलं की मळवायचं. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुरे."

"नवं दिसलं की मळवायचं."

तिसऱ्या शनिवारी महिपती म्हणाला, "शिवनेरीला येतोस का?" घर तिथूनही दिसत नव्हतं. सोसायटीची सहलही त्याच दिवशी होती. भोपळ्याचं शेत बघायला सगळे बसनं अडीच तास जाणार होते. भागूजीच्या कौलांवर तेव्हा आणखी आठ भोपळे धरले होते, पण ते फुकट दिसत होते म्हणून कोणी बघितले नाहीत.

फोटोसाठी मॅडमनी सगळ्यांना पांढरेशुभ्र टी-शर्ट शिवून घेतले होते. त्यांचा इस्त्री केलेला गठ्ठा भागूजीच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "हे तेवढे बसमध्ये ठेवून द्या."

भागूजीनं गठ्ठा उघडून बघितला. सगळे नवे कोरे होते. तो मनाशी हळहळला. बरं झालं आपल्या हातात आले, असं त्याला वाटलं. त्यानं बासष्ट टी-शर्ट चिखलातून काढले, प्रत्येकाला खुरप्यानं दोन भोकं पाडली, कोणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांना सारखीच पाडली, आणि गठ्ठा पुन्हा बांधून बसमध्ये ठेवला.

गठ्ठा शेतावर सुटला. शेत म्हणजे बाजारातून आणलेले भोपळे मातीत ओळीनं मांडून ठेवले होते. त्या ओळींमध्ये बासष्ट माणसं भोकं पडलेले टी-शर्ट हातात धरून उभी राहिली. शेतमालकाला वाटलं, ही मंडळी खुरपणीला आलीत. त्यानं त्यांना पाणी विचारलं.

मॅडम परत आल्या त्या सरळ भागूजीच्या दारात. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. त्या खाटेवर बसल्या आणि थकल्या आवाजात म्हणाल्या, "आता एकदाच सांगते. येत्या शनिवारी हॅलोविन. त्या संध्याकाळी मेलेली माणसं घरी परत येतात. दारावर कोणी आलं की आधी घाबरायचं, मग खाऊ द्यायचा, आणि ते म्हणतील ते ऐकायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

भागूजी हातातलं खुरपं ठेवून जवळ आला.

"मेलेली मानसं घरी येत्यात?"

"हो."

"समदी?"

"सगळी."

"आपापल्या घरी?"

"नाहीतर कोणाच्या घरी येतील, भागूजी?"

भागूजीनं भिंतीकडे बघितलं. तिथे ठकूबाईचा हार घातलेला फोटो होता. पांढरे केस, डोक्यावर पदर, हनुवटीवर गोंदण. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मॅडमनीही फोटोकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण दुसरंच काहीतरी चमकलं. दिवाळीच्या आत बावीस गाड्यांचं पार्किंग देते, असं त्या सभेत सांगून बसल्या होत्या. ते पार्किंग भागूजीच्या घराच्या जागेवरच होऊ शकत होतं.

चौथा शनिवार आला. भागूजीनं घर शेणानं सारवलं. उरलेल्या भोपळ्यांचे घारगे केले, कारण ठकूबाईला ते आवडायचे. दिवेलागणीला महिपती आला. "भागूजी, आज समुद्राला चाललोय. टेंपो सातला सुटंल. येतोस का?"

भागूजीनं खुंटीवरच्या पिशवीकडे बघितलं. "तिथनं घर दिसतं का?"

"समुद्र हाय तो. तिथनं कुठलंच घर दिसत न्हाई."

"मग कसं येऊ? आणि आज तर आई येनाराय."

महिपतीनं भिंतीवरच्या फोटोकडे एकदा बघितलं आणि तो गेटाकडे गेला.

साडेसहाला दार वाजलं. दारात ठकूबाई उभी होती. पांढरे केस, डोक्यावर पदर, हनुवटीवर गोंदण आणि हातात एक कागद. मॅडमनी मोबाइल घरीच ठेवला होता. मेलेल्या बाईकडे मोबाइल शोभला नसता.

भागूजी आधी घाबरला. सांगितलं होतं म्हणून घाबरला. "घाबरलो," असं त्यानं स्पष्ट सांगितलं, आणि मग पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. "लई उशीर केलास, आई."

"भागूजी, तुम्ही रडू नका," मॅडम म्हणाल्या.

मेल्यावर माणसाला रीतभात येते, असं भागूजीला वाटलं. त्यानं आईला पाटावर बसवलं आणि समोर घारगे ठेवले. तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या लुगड्याकडे गेलं. लुगडं नवं कोरं होतं. शेजारीपाजारी सगळी भुतं मळकी आणि आपल्याच आईनं नवं लुगडं नेसावं, हे त्याला बरं वाटेना. सारवणाची बादली कोपऱ्यातच होती. त्यानं दोन्ही हातांनी लुगडं नीट मळवलं, पदरापासून काठापर्यंत. मॅडमनी दात आवळून घेतले आणि बावीस गाड्या आठवल्या.

"बरं, भागू," त्या म्हणाल्या, "आता मी आले. या कागदावर सही कर."

"करतो की." अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय सही करू नको, असं भागूजीला शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं. तो बोट ठेवून वाचू लागला. "मी, मयत ठकूबाई हिचा एकुलता एक वारस..." तो थांबला. "आई, ह्यात तुला मयत लिवलंय."

"मग?"

"तू तर समोर बसलीस. तू असताना मी वारस कसा? घर तुझ्या नावावर हाय." त्यानं पेन घेतलं, 'मयत' खोडलं, 'वारस' खोडलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "आता तूच अंगठा दे."

मॅडम वकिलांशी भांडून जिंकलेल्या बाई होत्या. यावर मात्र त्यांचा तोल गेला. "ते राहू दे आता. तू आधी हे घर सोड बघू."

"सोडू?"

"ताबडतोब सोड."

ते म्हणतील ते ऐकायचं होतं. भागूजी उठला. खुंटीवरची पिशवी काढली, झटकली, बाटली आहे ना ते बघितलं. मग आईच्या पायांना पुन्हा हात लावला. दारात थांबून तो म्हणाला, "मी येईस्तवर घर नजरेआड करू नको."

आई म्हातारी होती, विसरली असती. म्हणून त्यानं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कुलूप घातलं. सात वाजायला पाच मिनिटं होती. टेंपो त्याला गेटवरच मिळाला.

इकडे मॅडमनी खिडकीचे गज धरून आरडाओरडा सुरू केला. मळकं लुगडं, सुटलेला पांढरा टोप आणि फाटलेला आवाज. सोसायटीची सगळी भुतं तिथे गोळा झाली. "मी हुपरीकर आहे, दार उघडा," मॅडम किंचाळत होत्या. मुलं नियमाप्रमाणे आधी घाबरली, मग प्रत्येकानं खिडकीत एकेक चॉकलेट ठेवलं आणि पुढच्या घराकडे गेली. आया म्हणाल्या, माळ्यानं या वेळी कमाल केली. स्वतः हुपरीकर साहेब येऊन बघून गेले. त्या संध्याकाळी कोणीही कोणाला ओळखायचं नाही, अशी बायकोची सक्त ताकीद होती. म्हणून त्यांनी ओळखलं नाही. "आवाज फार हुबेहूब काढलाय," एवढं मात्र ते जाताना म्हणाले.

सर्वांत भीतिदायक घराचं पहिलं बक्षीस एकमतानं भागूजीला मिळालं. द्यायला अध्यक्षा सापडेनात, म्हणून ते त्याच्या खिडकीतच ठेवण्यात आलं.

रविवारी सकाळी भागूजी गुडघाभर पाण्यात उभा होता. लाटा येत होत्या, जात होत्या, आणि तो प्रत्येक लाटेला हसत होता. बाटली भरून झाली होती. किनाऱ्यावरून महिपती बघत होता. एवढ्या वर्षांचा मित्र, त्याला काळजी वाटली.

"भागूजी," त्यानं हाक मारली, "इथनं घर दिसत न्हाई बरं का. निघायचं का माघारी?"

भागूजीनं मागे वळून बघितलं नाही. "ऱ्हाऊ की चार दिस," तो म्हणाला. "आई हाय घरी."