राक्षसाच्या पायाचा अंगठा

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गुरुजी राहत असत. एकतीस वर्षे त्यांनी शाळेत खो-खो शिकवला, आणि ज्या वयात इतर वृद्ध बागेतल्या बाकावर बसून सरकारला सल्ले देतात त्या वयात ते संगणकावर राक्षस मारू लागले. हे विचित्र वाटेल. पण ज्ञानी माणूस कुठे सापडावा याचे नियम कुणी केलेले नाहीत, आणि केले असते तर ज्ञानी माणसांनी ते पाळले नसते.

तो खेळ चौघांनी मिळून खेळायचा होता. प्रत्येकाने आपापल्या घरी बसायचे, कानाला हेडफोन लावायचा. पडद्यावर प्रत्येकाचा एक योद्धा, आणि एकाचे बोलणे चौघांना ऐकू जाई. सर्वांनी मिळून एका भुयारात शिरायचे आणि शेवटच्या दालनातला राक्षस मारायचा. खेळणारे त्याला बॉस म्हणतात. हा बॉस नुसत्या बळाने मरत नाही. त्याचे काही ठरलेले डाव असतात. ते ओळखले तर जगायचे, नाहीतर मरून पुन्हा दारापासून सुरुवात करायची. खेळणाऱ्यांच्या भाषेत ही मेकॅनिक्स. गुरुजी मात्र त्यांना राक्षसाच्या खोडी म्हणत. "खोड कळली की जनावर निम्मं हातात आलं," असे ते सांगत.

ह्या राक्षसाला तीन खोडी होत्या. त्याने हात उगारला की जमिनीतून आग येई, तेव्हा पांगायचे. त्याने शंख फुंकला की एकत्र यायचे. तिसरी खोड भयंकर होती. दालनाच्या सोळा फरश्यांपैकी पंधरा एकदम कोसळत आणि एकच शाबूत राही. चौघांपैकी एक जरी खाली पडला तरी राक्षसाच्या सगळ्या जखमा भरून येत आणि केलेली मेहनत पाण्यात जाई.

शाबूत फरशी कोणती, हे शोधून काढले ते गुरुजींच्या शिष्याने. शाळेत तो त्यांच्या खो-खोच्या संघात होता. आता तिशीला आला होता आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करत होता. सत्तर वेळा मेल्यावर त्याच्या ध्यानात आले की फरश्या कोसळण्याआधी राक्षसाच्या डाव्या पायाचा अंगठा किंचित उचलला जातो आणि शाबूत फरशीकडे वळतो. पडद्यावर तो अंगठा शेंगदाण्याएवढाही दिसत नसे. ही खूण सापडली त्या दिवशी संघातला ढालकरी, जो व्यवसायाने भांड्यांचा व्यापारी होता, त्याने आनंदाने शिष्याच्या घरी पाच लिटरचा कुकर पाठवून दिला.

दुपारी एक ते चार त्या व्यापाऱ्याचे दुकान बंद असे, म्हणून दर रविवारी दोन वाजता ही मंडळी भुयारात जमत. सोप्या पातळीवर राक्षस अनेकदा पडला होता. आता सर्वांत अवघड पातळी उरली होती, आणि पाच रविवारांनंतर खेळ बनवणारी कंपनी ते भुयार कायमचे बंद करणार होती. त्यातच गुरुजींनी जाहीर केले, "एवढं झालं की मी संघाचं नायकपद सोडणार. पुढं कुणी सांभाळायचं ते त्याच दिवशी सांगेन."

शिष्याने मनातल्या मनात ते पद घेऊनही टाकले. दुसरे कोण होते घ्यायला? व्यापारी राक्षसापुढेही गिऱ्हाईकाशी बोलावे तसा बोलत असे, आणि चौथा गडी लग्न ठरल्यामुळे नुकताच खेळ सोडून गेला होता.

त्या चौथ्याच्या जागी एक मुलगी आली. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात ती रक्त तपासण्याचे काम करी. बोलणे कमी, हात चपळ. शिष्याला ती 'दादा' म्हणे, आणि पहिल्या दिवशी ते त्याला आवडलेही.

लढाई संपली की खेळ एक तक्ता दाखवतो: कुणी राक्षसाला किती घायाळ केले. वर्षभर त्या तक्त्यात शिष्याचे नाव सर्वांत वर असे. मुलगी आल्यावर पहिल्याच रविवारी तिचे नाव त्याच्या खाली बसले आणि दुसऱ्या रविवारी ते वर गेले. व्यापारी म्हणाला, "बाई, हात हाय का मशीन?" सगळे हसले. शिष्यही हसला, पण हसताना त्याचा जबडा दुखला.

तरीही तक्ता त्याने गिळला असता. गिळता येईना ती एक हिरवी खूण. संघातल्या दोघांना खाजगी बोलायचे असेल तर तशी सोय त्या खेळात होती. बोलणे इतरांना ऐकू येत नसे, पण त्या दोघांच्या नावांपुढे हिरवा ठिपका लुकलुके. आता लढाई ऐन रंगात आली की गुरुजींच्या नावापुढे ठिपका लागे, आणि दुसरा लागे मुलीच्या नावापुढे. दोन-तीन क्षण, आणि विझे. शिष्याने मोजले. एका दुपारी अकरा वेळा. त्याच्याशी मात्र गुरुजी गेले कित्येक महिने लढाईत अवाक्षर बोलले नव्हते. पूर्वी "डावीकडं बघ, हात सैल सोड" असे सारखे चाले. ते कधी थांबले हेही त्याला आठवेना.

सरळ सांगायचे तर शिष्य जळू लागला. मत्सर हा असा पाहुणा आहे की त्याला बस म्हणावे लागत नाही. प्रयोगशाळेत मातीच्या पुड्यांवर चिठ्ठ्या लावताना त्याला तो हिरवा ठिपका दिसे. काय सांगत असतील? चौथी खोड? अंगठ्याहून सोपी एखादी खूण? पंधरा वर्षे मी त्यांच्या पायाशी बसलो आणि विद्या मिळाली ती कालच्या मुलीला, ह्या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

व्यापाऱ्याने एकदा त्याला फोन करून सुचवले, "अरे, त्या पोरीला अंगठ्याचं सांगितलंस का? गुरुजी म्हणत होते, तूच सांगशील."

"अनुभवानं येईल की," शिष्य म्हणाला. "मला कुणी सांगितलं होतं?"

हे बोलताना आपण चूक करतो आहोत हे त्याला ठाऊक होते. चूक करताना ती चूक आहे हे ठाऊक नसावे, एवढीही सोय मत्सर देत नाही.

मग अपयश सुरू झाले. आग टळे, शंख टळे, आणि तिसऱ्या खोडीला चौघेही एकदम खाली जात. एक वाचला आणि तिघे गेले असेही कधी होत नसे. सगळे एकाच चुकीच्या फरशीवर गोळा होऊन मरत. असे करता करता पाचांपैकी चार रविवार संपले. उरला एक.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, शिष्य गुरुजींच्या घरी गेला. चहा समोर आला, तो त्याने घेतला नाही.

"गुरुजी, तिला काढा," तो म्हणाला. "तुम्ही तिला जे काही शिकवता ते माझ्या खेळाच्या आड येतंय. ती आल्यापासून आपण एकदाही तगलो नाही. आणि खरं सांगू का, मला वाईट वाटतं. मला सोडून तिला सांगता."

गुरुजींनी संगणक सुरू केला. गेल्या रविवारी त्यांनी सर्वांकडून आपापल्या पडद्याचे चित्रण मागवून घेतले होते. प्रत्येकाला लढाई जशी दिसली तशी त्यात होती. आवाज बंद करून त्यांनी पहिले चित्रण लावले आणि स्वतः पडद्याकडे पाठ करून बसले.

"हा त्या मुलीचा पडदा. शेवटचं अर्धं मिनिट बघ. काय दिसतं?"

शिष्याने पाहिले. पडद्याच्या मधोमध पिवळा फेटा बांधलेल्या एका धनुर्धराची पाठ होती. धनुर्धर डावीकडे गेला की पडदा डावीकडे वळे; थांबला की थांबे. राक्षस चौकटीच्या बाहेर होता.

"माझी पाठ," तो म्हणाला.

"हा आपल्या ढालकऱ्याचा."

"यातही माझी पाठ."

"हा माझा."

गुरुजींच्या पडद्यावरही तीच पाठ होती.

"आता तुझा लाव," गुरुजी म्हणाले.

स्वतःच्या पडद्यावर शिष्याला ती मुलगी दिसली. फरश्या कोसळण्याच्या वेळी आपली नजर तिच्यावर खिळलेली होती, हे त्याला त्या क्षणी जाणवलेही नव्हते. ती कुठे जाते ते बघून त्याच्या योद्ध्याने एक पाऊल टाकले. तो हलला म्हणून ती हलली. ती हलली म्हणून तो आणखी हलला. फुगडीला उभ्या राहिलेल्या दोघींसारखे ते एकमेकांभोवती फिरत होते, त्यांच्या मागे व्यापारी आणि गुरुजी फिरत होते, आणि मग सगळेच खाली गेले.

"चार पडदे झाले," गुरुजी म्हणाले. "राक्षस कुठल्या पडद्यावर होता?"

"कुठल्याच नाही."

गुरुजी आता त्याच्याकडे वळले. "माझ्या डोळ्यांत मधोमध धूर बसलाय. साखरेच्या आजारानं केलं ते. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. खेळात माझं काम जखमींना औषध द्यायचं; त्या कळा बोटांना पाठ आहेत म्हणून चाललंय. गेले आठ महिने मी ना आग बघितली ना अंगठा. तुझ्या योद्ध्याला तो पिवळा फेटा घ्यायला लावला ना मी? तेवढा दिसतो. तो जिथं थांबतो तिथं मी थांबतो. म्हणून तुला काही सांगायचा थांबलो. ज्याच्या मागं चालायचं त्याला वाट काय सांगणार? ढालकरी तर ढालीमुळं पहिल्यापासून आंधळाच. त्या मुलीला मी दर वेळी एकच सांगतो: घाबरू नको, दादाजवळ उभी राहा. अंगठ्याचं मला तिला सांगता आलं असतं. पण खूण तुझी. सत्तर वेळा तू मेलास त्या खुणेसाठी. ती दुसऱ्यानं वाटायची नसते. तू देशील म्हणून वाट बघितली."

शिष्याने मान खाली घातली.

"नायकपद हवंय तुला, ते मला कळतं," गुरुजी पुढे म्हणाले. "ते आठ महिने तुझ्याकडंच आहे. आम्ही तिघं तुझ्याकडं बघत होतो. तेवढ्यात तू बाजूला बघायला लागलास. मत्सराची ही एवढीच खोड आहे, बाळा. तो मान वळवतो."

चहा निवला होता. शिष्याने तो तसाच पिऊन टाकला, कारण कप परत देताना हातांना काहीतरी काम हवे होते.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता चौघे दारापाशी जमले. शिष्याला रात्रभरात साधुत्व प्राप्त झाले होते असे नाही. मुलीच्या नावावर नजर गेली तेव्हा आत जुनी जळजळ होतीच. त्याने घसा साफ केला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, "अगं, एक सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी सांगितलं नाही. फरश्या पडायच्या आधी त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याकडं बघ. ज्या फरशीकडं वळेल, ती आपली."



"अंगठा होय?" ती म्हणाली. "दादा, मला वाटायचं तुम्हाला आतून कळतं. मी घरी बसून तुमची जुनी चित्रणं बघत होते. तुमच्यासारखं आपल्याला कधी जमणार, म्हणून रडलेही एकदा."

मत्सराच्या ह्या रोगाची दोन बिऱ्हाडे होती, एक तिच्या घरीही, आणि आपण एकाच घरात औषध शोधत होतो, हे शिष्याला त्या वेळी कळले. व्यापारी मध्येच म्हणाला, "चला, चारला शटर वर करायचंय मला," आणि ते भुयारात शिरले.

त्या दुपारी राक्षस पडला. पण सांगण्यासारखे आहे ते त्याच्या थोडे आधीचे. आग टळली, शंख टळला, आणि तिसऱ्या खोडीची वेळ आली. शिष्याने नजर राक्षसाच्या पायावर ठेवली. अंगठा उचलला गेला, कोपऱ्यातल्या फरशीकडे वळला. शिष्य धावला. पण तो पोहोचण्याआधीच ती मुलगी तिथे उभी होती. तिने अंगठा त्याच्याही आधी टिपला होता. त्याला टोचले. अगदी पहिल्यासारखेच टोचले. ते टोचणे तसेच राहू देऊन तो तिच्या शेजारी उभा राहिला. व्यापारी त्याच्या मागोमाग आला. गुरुजी मात्र फरशीच्या कडेला अडखळले होते; दोन योद्धे एकमेकांना खेटून उभे राहिल्यामुळे पिवळा फेटा झाकला गेला होता.

"गुरुजी," शिष्य मोठ्याने म्हणाला, "उजवीकडं दोन पावलं."

गुरुजी उजवीकडे दोन पावले सरकले.