कापशीची जागा

प्राणी माणसांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. वेणूताईंनी कापशी नावाची सशीण पाळली होती. तिच्या पिंजऱ्यात गुळगुळीत फरशी होती आणि कापशी दिवसभर ती नखांनी खरवडायची.

शेजारचा पोपट म्हणाला, "इतकी स्वच्छ जागा मिळालीय, तरी तुझं समाधान नाही!"

"जागा स्वच्छ आहे, पण माझी नाही," कापशी म्हणाली.

एके सकाळी फरशीवर रक्त दिसलं. वेणूताईंनी तिचा पंजा हातात घेतला. "बाई गं, तुला पळून जायचंय का?"

"नाही ताई. मला खणायचंय."

पंजा बरा झाल्यावर ताईंनी फरशी उखडून पिंजऱ्यात गुडघाभर माती भरली. दुपारी कापशी कुठेच दिसेना. घाबरून त्यांनी वाकून पाहिलं. नव्या बिळात, मातीने माखलेली कापशी पाय ताणून, डोळे मिटून गाढ झोपली होती.